रेंज नसलेल्या शाळेत मोबाइलचा वापर कसा करावा

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आहे. वर्ग पहिली ते आठवी, शिक्षक चार. मुलं गावातली, शेजारच्या तांड्यावरची आणि टेकडीपलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. शाळेत एक टीव्ही, एक इन्व्हर्टर आणि आम्हा शिक्षकांचे स्वतःचे फोन, एवढीच सामग्री. रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ. विदर्भातल्या पुष्कळ खेड्यांत असंच असतं, म्हणून एवढ्याच सामग्रीत मी वर्गात काय काय करते ते इथे सविस्तर लिहिते. ज्यांच्याकडे टीव्हीही नाही त्यांनाही यातलं बरंच काही उद्यापासून सुरू करता येईल.

आधी माझी भूमिका सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वर्गात फोन काढायचा तो मुलांना काही करायला, बोलायला, मोजायला लावण्यासाठी. तासभर व्हिडिओ लावला की वर्ग गप्प बसतो, पण तेवढ्यानं मुलं शिकली असं मी धरत नाही. मी तीन-चार मिनिटांच्या वर सलग काही दाखवत नाही. लावण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहिते, मुलांकडून अंदाज घेते आणि मग लावते. अंदाज बांधलेलं मूल पडद्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतं.

रविवारचं काम

रेंज नसेल तर शाळेत पोचण्याआधीच सगळं फोनमध्ये असायला हवं. मी रविवारी घरी बसून आठवड्याचं साहित्य उतरवून घेते.

सुरुवात दीक्षा अ‍ॅपपासून करा. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. अ‍ॅप उघडून राज्य, मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडा. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ जो क्यूआर कोड असतो तो अ‍ॅपमधूनच स्कॅन करा. कोड पुसट झाला असेल तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरं टाइप केली तरी तेच साहित्य उघडतं. जे हवं त्याच्यासमोर डाउनलोड दाबा, मग ते इंटरनेटशिवाय चालतं. सगळंच उतरवू नका. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा आणि कोणत्या मिनिटाला थांबवायचं ते पुस्तकात पेन्सिलीनं लिहून ठेवा.

ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. तीही फोनमध्ये ठेवा. पुस्तक घरी विसरलेल्या मुलासाठी कामी येतात, आणि पुस्तकातला नकाशा किंवा आकृती टीव्हीवर मोठी करून दाखवता येते.

तिसरं, किविक्स. या अ‍ॅपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलच्या रूपात उतरवता येतो. जागा कमी असेल तर चित्रांविना असलेली फाइल घ्या. सहावी-सातवीची मुलं विचारतात त्यातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं मग वर्गातच शोधता येतात. मी फोन त्यांच्या हाती देते आणि शोधायचा शब्द त्यांनाच ठरवायला लावते. योग्य शब्द निवडणं हीच मोठी शिकवण आहे.

टीव्हीवर दाखवायचं असेल तर पेनड्राइव्ह बरा. बरेच टीव्ही एफएटी-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह विनातक्रार वाचतात, मात्र त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. व्हिडिओ एमपी-४ ठेवा. फोन केबलनं टीव्हीला जोडायचा विचार असेल तर केबल विकत घेण्याआधी आपल्याच फोनवर चालवून पाहा. स्वस्त फोनपैकी अनेकांच्या चार्जिंगच्या पिनेतून चित्र बाहेर जातच नाही. फोन आणि टीव्ही दोघांतही स्क्रीन कास्टची, म्हणजे फोनचा पडदा वायरविना टीव्हीवर दाखवण्याची सोय असेल तर ती बहुधा इंटरनेटशिवायही चालते. कास्ट करताना 'डू नॉट डिस्टर्ब' चालू ठेवा, नाहीतर घरचे निरोप सगळ्या वर्गासमोर उमटतात.

लोकवर्गणीतून काही घ्यायचं चाललं असेल तर प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. प्रोजेक्टरला अंधार लागतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलात खिडक्या बंद केल्या तर टिनाखाली मुलं उकडून निघतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-अवर वीज मावते. प्रत्यक्षात निम्मी धरा, तरी १०० वॉटचा टीव्ही दिवसभर लागेल तेवढा चालतो. टीव्ही घेतल्यावर शेवटच्या रांगेत मुलाच्या उंचीनं खाली बसून अक्षरं दिसतात का ते बघा.

वाचनाचा आवाज

एकच गोष्ट करायची ठरवली असेल तर ही करा. यासाठी टीव्ही नको, इंटरनेट नको, कोणतं खास अ‍ॅपही नको. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो.

दुसरीपासून पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन मी वर्षातून चारदा रेकॉर्ड करते: शाळा सुरू झाल्यावर, दिवाळीआधी, संक्रांतीच्या सुमारास आणि परीक्षेआधी. उतारा मुलाच्या पातळीचा, पण चारही वेळा तोच. जागा ओसरीच्या कोपऱ्याची, जिथे पंखा नाही आणि इतर मुलं ऐकत उभी नाहीत. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरायचा, म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज येत नाही. पाऊस टिनावर वाजत असेल त्या दिवशी हे काम करू नका. फाइलला मुलाचं नाव, इयत्ता आणि महिना द्या. मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते, त्यामुळे साऱ्या शाळेचं वर्ष एका लहानशा मेमरी कार्डात राहतं.

मग मुलाला इअरफोन लावून त्याचंच वाचन ऐकू द्या. फक्त त्यालाच. आपण काही बोलायचं नाही. 'कुठं अडलास?' एवढंच विचारायचं. आपण दहादा सांगून जी चूक सुधारत नाही ती मूल स्वतःच्या कानानं पकडतं. चौथीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की ते गिळून पुढं जायची. स्वतःचं ऐकल्यावर म्हणाली, "मॅडम, म्या अर्धा शब्द खाल्ला. पुन्हा वाचू का?" 'पुन्हा वाचू का' हे मुलाच्या तोंडून यावं, याचसाठी एवढा खटाटोप. संक्रांतीला जुलैचा आवाज ऐकवा. आपण किती पुढे आलो हे त्या मुलाला कळतं, आणि ते गुणपत्रिकेतल्या श्रेणीपेक्षा खरं असतं.

पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. रेकॉर्डिंग असलं की शब्द आपण नंतर निवांत मोजू शकतो. मुलासमोर घड्याळ धरू नका. घड्याळ पाहून वाचणारं मूल धावतं आणि अर्थ मागे राहतो. मी रेकॉर्डिंग संपल्यावर उताऱ्यावर दोन प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरंही त्याच फाइलमध्ये येऊ देते.

पालक शाळेत आले की त्यांनाही ऐकवा. ज्या आईला लिहिता-वाचता येत नाही तिला प्रगतिपत्रक काही सांगत नाही, पण लेकराचा जुलैचा आणि जानेवारीचा आवाज तिला बरोबर कळतो.

घरची भाषा वर्गात

तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, पोडावर कोलामी. गोरमाटी मराठीच्या नात्यातली तरी आहे. कोलामी द्राविडी कुळातली आहे, म्हणजे पहिलीत आलेल्या कोलाम लेकरासाठी मराठी ही अगदीच परकी भाषा. ते गप्प बसतं, आणि आपण त्याला 'कच्चं' समजतो. हा अन्याय थांबवायला फोनची फार मदत होते.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्सनं २०१५ पासून मुलांची चित्रपुस्तकं खुल्या परवान्याखाली ठेवली आहेत. मराठीत भरपूर आहेत. मेळघाटातल्या शिक्षकांना तिथं तिकडच्या कोरकू आदिवासींच्या भाषेतल्या गोष्टीही सापडतील. पातळीनुसार निवडून पीडीएफ उतरवा. मी एक गोष्ट टीव्हीवर पानापानानं दाखवते. मराठीत मी वाचते. मग पोडावरची सातवीतली मुलगी तीच गोष्ट चित्रं पाहून कोलामीत सांगते आणि आम्ही ती रेकॉर्ड करतो. पहिली-दुसरीची मुलं पुस्तक हातात धरून हे ऐकतात. पहिल्यांदा कोलामी ऐकताना त्या लहान पोरांचे चेहरे काय फुलतात! तिथून पुढे ती मराठीतही बोलायला लागतात, कारण या खोलीत आपल्या बोलण्याला जागा आहे हे त्यांना कळलेलं असतं.

चार शिक्षक आणि आठ वर्ग असल्यामुळे अशा रेकॉर्डिंगचा आणखी एक उपयोग होतो. मी चौथीला भागाकार शिकवते तेव्हा तिसरीची मुलं ओसरीत लहान स्पीकरवर गोष्ट ऐकतात आणि ऐकून झाल्यावर तिचं चित्र काढतात.

आजी-आजोबांकडून गाणी, कोडी, शेतीतले जुने अनुभव रेकॉर्ड करून आणायचं काम मोठ्या मुलांना द्या. जाण्याआधी प्रश्न वर्गात बसून तयार करा, नाहीतर मुलं 'काहीतरी सांगा ना' म्हणून थांबतात. आलेलं रेकॉर्डिंग ऐकून दहा ओळी लिहायच्या. लेखनाचा इतका चांगला सराव मी दुसऱ्या कशात पाहिला नाही.

बियाण्याची परीक्षा

हा उपक्रम मार्च-एप्रिलमध्ये घ्या. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि तोवर पेरण्या सुरू झालेल्या असतात, त्यामुळे नंतर घेऊन उपयोग नाही.

घरात ठेवलेलं सोयाबीनचं बियाणं मुलांना मूठभर आणायला सांगा. कृषी विभाग शेतकऱ्यांना जी उगवण चाचणी सांगतो तीच करायची. न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब किती आले ते मोजायचं. १०० पैकी जितके उगवले तितके टक्के. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीयोग्य. कमी आले तर एकरी बियाणं वाढवावं लागतं किंवा बदलावं लागतं.

यात फोन कुठे येतो? दोन विटांवर एक फळी ठेवा, फळीला भोक पाडून त्यातून कॅमेरा खाली पाहील असा फोन ठेवायची जागा पक्की करा. रोज सकाळी परिपाठानंतर गुंडाळी उलगडून त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो. आठवड्याचे फोटो ओळीनं लावून फोनमधल्याच व्हिडिओ एडिटरमध्ये त्यांचा छोटा व्हिडिओ बनवा. कोंब फुटताना, वाकताना, दलं उघडताना दिसतात. सहावीच्या पोरांनी आवाज भरायचा: कोणत्या दिवशी काय झालं, किती टक्के. गणितातले शेकडेवारीचे प्रश्न पुस्तकात आहेतच, पण इथे उत्तर चुकलं तर बापाचं वावर फसतं हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते तीनदा मोजतं. तयार व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जातो आणि त्यावर गावात चर्चा होते. एका बाबांनी विचारलं होतं, "मॅडम, आमच्या कोठीतल्या बियाण्याचंही पाहून देता का?" मुलांनी पाहून दिलं.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या हंगामात असंच बोंडअळीचं काम करता येतं. वावरातून आणलेलं बोंड चिरून आतल्या गुलाबी अळीचा जवळून फोटो घ्यायचा, टीव्हीवर मोठा करायचा आणि अंडी, अळी, कोष, पतंग हे टप्पे ओळखायचे. फवारणी झालेल्या वावरात मात्र मुलांना पाठवू नका. बोंडं मोठ्या माणसांकडून मागवा आणि नंतर हात साबणानं धुवून घ्या.

पाऊस मोजणं

सरळ उभ्या भिंतींची प्लास्टिकची बरणी किंवा डबा उघड्यावर ठेवला आणि आत पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये म्हणजेच पाऊस. बरणीची बाजू निमुळती असेल तर आकडा चुकतो. सातवीची मुलं रोज साडेआठला नोंद करतात, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच मोजला जातो. महिनाभराचा स्तंभालेख आधी चौकटीच्या कागदावर हातानं काढायचा, मगच फोनवरच्या शीटमध्ये आकडे भरून आलेख काढायचा. हा क्रम उलटा केला तर आलेख म्हणजे बटण दाबल्यावर येणारं चित्र, एवढंच मुलांना कळतं.

सोबत दोन सरकारी अ‍ॅप ठेवा. मेघदूतवर जिल्ह्याचा अंदाज आणि शेतीचा सल्ला येतो. तो अंदाज आणि आपल्या बरणीतला पाऊस यांची तुलना हा भूगोलाचा उत्तम तास होतो. दामिनी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्याला इंटरनेट लागतं, म्हणून आभाळ भरलं की एका शिक्षकानं रेंजच्या जागी जाऊन पाहायचं असं आम्ही ठरवून घेतलं आहे. पण गडगडाट ऐकू आला की अ‍ॅपची वाट पाहायची नाही आणि टाकीकडेही जायचं नाही. मुलं आत घ्यायची, झाडाखाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही, टीव्ही आणि इन्व्हर्टरचे प्लग काढायचे.

विज्ञान-गणितासाठी फेट

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प २००२ पासून विज्ञान-गणिताची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, फुकट देतो आणि त्यातली पुष्कळ मराठीत आहेत. प्रत्येक सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरतं आणि ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडतं. आम्ही सगळ्यात जास्त वापरतो ते विद्युत परिपथाचं आणि अपूर्णांकांचं. परिपथ शिकवताना आधी खरा सेल, खरी वायर, टॉर्चचा दिवा. दिवा लागला की मग फोनवर दुसरा सेल जोडून पाहा, दिवे समांतर लावून पाहा. शॉर्ट सर्किट फोनवरच करू द्या. खऱ्या वायरीनं मुलांनी ते करून पाहावं असं मला अजिबात वाटत नाही.

गुगल अर्थवर लोणारचं विवर नक्की दाखवा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो गोल बेसॉल्टच्या पठारात वरून जसा दिसतो तसा काठावर उभं राहूनही दिसत नाही. नंतर आपल्याच गावावर या. मुलांना आपलं घर, नाला, शाळेची वाट शोधू द्या आणि कागदावर दिशा दाखवून नकाशा काढायला लावा.

एका फोनवर साऱ्या वर्गाची चाचणी

प्लिकर्स नावाची सोय आहे. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं एक छापील कार्ड मिळतं. कार्डावरची चौकटींची आकृती चार बाजूंनी फिरवता येते आणि जी बाजू वर ते त्या मुलाचं उत्तर. मी प्रश्न विचारते, मुलं कार्ड उंच धरतात, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणाचं काय उत्तर ते फोनवर उमटतं. शेजाऱ्याचं उत्तर दिसत नाही, म्हणून लाजरं मूलही बिनधास्त कार्ड वर करतं. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्याला दिसत नाही. कार्डाच्या बाजूंवर बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली असतात; ती न ओळखणाऱ्या मुलांसाठी कार्डाच्या मागच्या बाजूला अ, ब, क, ड लिहा, पुढच्या बाजूला काहीही नको. याला इंटरनेट लागतं, म्हणून रेंज असलेल्या दिवशी आम्ही वर्ग टाकीजवळच्या कडुलिंबाखाली भरवतो. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी चार रंगांच्या कागदी पट्ट्या वापराव्यात आणि वर्गाचा एक फोटो घ्यावा. उत्तरं नंतर फोटोतून मोजता येतात.

पालकांचा फोन आणि मुलांचे फोटो

घरात फोन असला तरी तो दिवसभर बाबांबरोबर वावरात असतो. म्हणून घरचा अभ्यास फोनवर पाठवायचा नाही. पालकांसाठी लिखित संदेशाऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, रात्री जेवणाच्या सुमारास, साध्या वऱ्हाडीत. 'उद्या शाळेत सोयाबीनचे दाणे पायजे, मूठभर द्या जी', एवढं पुरतं.

मुलांचे चेहरे आणि आवाज ही त्यांची मालमत्ता आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत काय रेकॉर्ड होतं ते ऐकवतो आणि संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतो. वाचनाची रेकॉर्डिंगं कोणत्याही ग्रुपवर टाकत नाही, वरिष्ठांच्या ग्रुपवरही नाही. स्पर्धेचं बक्षीस असो वा पाहुण्यांची भेट, ज्या पालकानं नाही म्हटलं त्याच्या मुलाचा फोटो घ्यायचा नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी तीन कामं उरका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. टीव्ही सुती चादरीनं झाका आणि प्लग काढून ठेवा. रेकॉर्डिंगं व व्हिडिओ दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून एक मुख्याध्यापकांकडे कपाटात आणि दुसरा स्वतःकडे ठेवा. पेनड्राइव्हवर शैक्षणिक वर्ष लिहायला मार्कर पेन वापरा, कारण कागदाची चिठ्ठी आमच्या उन्हात महिनाभरही टिकत नाही.